नवा फ्रीज निवडताना: आपापल्या घरचे अनुभव लिहा

आमचा फ्रीज १६ वर्षे चालला आणि गेल्या महिन्यात त्याचा कॉम्प्रेसर कायमचा बंद पडला. नवा घ्यायचा म्हणून माहितीपत्रके चाळायला घेतली. त्यांत लिटर, दारांची संख्या, काचेचे कप्पे हे सगळे असते. पण ज्या घरात मुले दिवसभर दार उघडबंद करतात, रात्रीचे उरलेले अन्न भांड्यासकट आत जाते आणि आठवड्याची भाजी एकदम आणली जाते, त्या घरात तो फ्रीज कसा वागतो हे त्यांत कुठेच नसते. ते रोज फ्रीज वापरणारी माणसेच सांगू शकतात, म्हणून हा धागा काढते आहे. घरात माणसे किती, फ्रीज कोणत्या प्रकारचा, काय पाहून घेतला, आणि वापरायला लागल्यावर आधी काय पाहायला हवे होते असे वाटले, हे सविस्तर लिहावे. कंपनीचे नाव मात्र कृपया लिहू नये, कारण एकाच कंपनीच्या दोन फ्रीजच्या रचनेतही मोठा फरक असतो आणि चर्चा नावापाशीच अडकून राहते.

सुरुवात माझ्यापासून करते. घरात आम्ही पाच जण आहोत. जुना फ्रीज शेवटची काही वर्षे पुरेसा गार होत नव्हता, हे मला फार उशिरा कळले. दूध लवकर नासायचे, पालेभाजी दुसऱ्याच दिवशी मान टाकायची, आणि मी दोष दुधाला नि भाजीला देत राहिले. अखेर एक थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून तो पेला मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवला. (आतली हवा दार उघडताच बदलते, पाणी तितक्या लवकर तापत नाही, म्हणून पेला.) सकाळी त्यावर ९ अंश दिसले, तेही बटण सर्वांत थंडाच्या खुणेवर असताना. फ्रीजच्या आत ५ अंश सेल्सियसच्या खाली, शक्यतो ४ अंश, आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंश असायला हवेत; फ्रीजमधले तापमान त्याच्या वर गेले की अन्नातले जंतू झपाट्याने वाढू लागतात. म्हणजे आम्ही कित्येक वर्षे फ्रीज नव्हे, एक गारसर कपाट वापरत होतो.

मग आठवडाभर एक वही फ्रीजवर ठेवली आणि रोज रात्री कोणता कप्पा किती भरला ते लिहून काढले. फ्रीझर एकदाही पाव भागापलीकडे गेला नाही, खालचे कप्पे मात्र दररोज गच्च होते, इतके की मागचा डबा काढायला पुढचे तीन डबे ओट्यावर ठेवावे लागत. आमच्या घराला अधिक लिटर नकोत, तर आहेत त्याच लिटरांत फ्रीजचा भाग मोठा आणि फ्रीझर लहान हवा, हे वहीमुळे समजले. दाराबाहेर लिहिलेला लिटरचा आकडा दोन्ही भाग मिळून असतो. त्यातले किती कोणत्या भागाचे, हे विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही.

सहा जणांचे घर, तिसरा मजला

आम्ही जागेचे माप घेतले होते, वाटेचे घेतले नव्हते. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात फ्रीज नेमका बसणार होता, पण जिन्याच्या वळणावर तो कठड्याला अडला आणि आणणाऱ्या माणसांना दारे उतरवून, बिजागऱ्या एका पिशवीत बांधून वर न्यावी लागली. इमारतीचे दार, जिन्याचे वळण, घराचे दार आणि स्वयंपाकघराचे दार या चारही ठिकाणची सर्वांत अरुंद जागा मोजावी, ही माझी पहिली सूचना.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे, कारण ती रोज भोवते. आमच्या फ्रीजची बिजागरी भिंतीच्या बाजूला आली. दार भिंतीला टेकते तेव्हा जेमतेम काटकोनात उघडलेले असते, आणि भाजीचा खण चार बोटे बाहेर येऊन दाराच्या आतल्या कडेला अडतो. तो पूर्ण काढून धुवायचा तर अख्खा फ्रीज पुढे ओढावा लागतो. काही फ्रीजचे दार उजवीकडून डावीकडे बदलून लावता येते. घेण्याआधी हे विचारावे आणि दुकानात दार काटकोनात धरून प्रत्येक खण बाहेर ओढून पाहावा.

तिसरे, कोनाडा नेमका बसेल असा ठेवू नये. हल्लीच्या पुष्कळ फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असतात, म्हणून बाजू हाताला गरम लागतात. त्या उष्णतेला वाट हवी. आमच्याकडे दोन्ही बाजूंना बोटभरही जागा नव्हती आणि कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. शेवटी सुताराला बोलावून कोनाडा रुंद करून घेतला.

घरात मधुमेही वडील आहेत

आमच्या निवडीचे कारण लिटर किंवा वीज नव्हते, बाबांचे इन्सुलिन होते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असते, आणि ते एकदा गोठले की पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते. आमच्या जुन्या एकदारी फ्रीजमध्ये बर्फाचा कप्पा वरच होता. आईने सुरक्षित जागा म्हणून त्याच्या लगेच खालचा कप्पा निवडला आणि इन्सुलिनचा खोका मागे भिंतीला टेकवून ठेवला. एके दिवशी खोका उघडला तर आतल्या कुपीत बर्फाचे बारीक तुरे दिसले. अख्खा साठा टाकून द्यावा लागला, पण त्याहून मोठी भीती ही होती की ते आमच्या लक्षात आले नसते तर काय झाले असते.

त्यानंतर नवा फ्रीज घेताना आम्ही फक्त दोन गोष्टींवर अडून बसलो. फ्रीज आणि फ्रीझर यांचे तापमान वेगवेगळे ठरवता आले पाहिजे, आणि थंड हवा प्रत्येक कप्प्यात वेगळ्या छिद्रांतून आली पाहिजे, म्हणजे वर गोठते आणि खाली कोमट राहते असे होणार नाही. आता इन्सुलिन मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून दूर, झाकणाच्या डब्यात असते. दारात आम्ही ते कधीच ठेवत नाही, कारण फ्रीजमध्ये तापमान सर्वांत जास्त वरखाली होते ते दारातच.

याच वेळी फ्रीझर खाली असलेला फ्रीज घेतला. आईचे गुडघे दुखतात, आणि जुन्या फ्रीजमध्ये भाजी काढायला तिला रोज चारपाच वेळा वाकावे लागे. आता रोजचे सारे तिच्या कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर आहे. वाकावे लागते ते फ्रीझरसाठी, आणि तो आमच्याकडे दोन दिवसांतून एकदा उघडला जातो. ज्या घरात फ्रीझर रोज लागतो तिथे ही रचना उलट त्रासाची होईल, हेही सांगायला हवे.

फ्रीज दुरुस्तीच्या कामातून

मी २२ वर्षे फ्रीज दुरुस्त करतो आहे, म्हणून मी पाहिलेले बिघाड सांगतो. त्यांतून निवड कशी करावी ते कळेल.

डायरेक्ट कूल आणि फ्रॉस्ट फ्री यांतला फरक लोक ‘बर्फ साचतो आणि साचत नाही’ एवढाच धरतात. डायरेक्ट कूलमध्ये पंखा नसतो, बर्फाचा कप्पा स्वतःच थंडी देतो, भाग कमी असतात आणि म्हणून बिघाडही कमी. पण त्यातला बर्फ नियमितपणे वितळवावा लागतो, आणि तो कंटाळा आला की लोक सुरी घेतात. सुरीच्या टोकाने नळीला भोक पडून सगळा गॅस निघून गेलेले फ्रीज माझ्याकडे दरवर्षी येतात. हात न लावता बर्फ वितळू देण्याइतका धीर घरात असेल, तर लहान कुटुंबाला डायरेक्ट कूल उत्तम आहे.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये थंड होणारी जाळी मागच्या पडद्याआड असते, पंखा तिच्यावरची हवा सगळीकडे फिरवतो, आणि ठरावीक वेळाने एक हीटर तिच्यावरचा बर्फ वितळवतो. ते पाणी एका बारीक नळीतून कॉम्प्रेसरजवळच्या तबकात उतरते आणि तिथल्या उष्णतेने उडून जाते. ही नळी तुंबली की पाणी भाजीच्या खणाखाली साचते, आणि घरच्यांना वाटते फ्रीज फुटला. बहुतेक वेळा थोड्या कोमट पाण्याने काम होते. दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे ‘वर बर्फ होतो, खाली गार होत नाही’. त्यातल्या पुष्कळ घरांत मी फक्त हवेच्या छिद्रासमोर ठेवलेले मोठे भांडे बाजूला केले आहे. तुमच्याकडे भांड्यांसकट अन्न ठेवण्याची सवय असेल तर खोल कप्प्यांचा फ्रीज घ्या, आणि छिद्रे कुठे आहेत ते दुकानातच पाहून ठेवा.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर या शब्दाने अनेकांचा गैरसमज होतो. वीज गेल्यावर तो फ्रीज चालवत नाही. साधा कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालतो किंवा पूर्ण थांबतो. इन्व्हर्टरचा वेग गरजेप्रमाणे कमीजास्त होतो, त्यामुळे वीज कमी लागते, आवाज कमी होतो आणि सुरू होतानाचा धक्का बसत नाही. पण त्याला इलेक्ट्रॉनिक पाटी असते आणि ती जळली तर खर्च मोठा असतो. म्हणून कॉम्प्रेसरची हमी लांबलचक आहे एवढ्यावर समाधान मानू नका, त्या पाटीची हमी किती ते लेखी विचारा.

मागच्या पट्टीवरच्या दोन गोष्टी वाचा. एक गॅस. ओझोनचा थर विरळ करणारे जुने गॅस १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने गेले. त्यांच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धोका देत नाही, पण हवा तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. आता बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि त्याची ती ताकद फारच थोडी आहे. तो ज्वलनशील आहे, पण एका फ्रीजमध्ये बहुधा शंभर ग्रॅमही नसतो. फक्त दुरुस्ती त्या गॅसचे शिक्षण घेतलेल्यानेच करावी. दुसरी गोष्ट हवामानवर्ग. एन हा वर्ग खोलीच्या ३२ अंशांपर्यंतचा, एसटी ३८ पर्यंतचा आणि टी ४३ पर्यंतचा. उन्हाळ्यात स्वयंपाकघर ४० अंशांवर जात असेल तर टी असल्याची खात्री करून घ्या.

दोघांचे घर

पाहुणे येतील म्हणून आम्ही गरजेच्या दुप्पट मोठा फ्रीज घेतला. पाहुणे वर्षातून दोनदा येतात, आणि उरलेले दिवस मागच्या कोपऱ्यात विसरलेले डबे सापडतात. पुन्हा घ्यायचा झाला तर लहानच घेईन.

जुना आणि नवा, दोन्ही मोजून

नवा आला तरी जुना चालू आहे म्हणून आम्ही तो मागच्या खोलीत ठेवला होता. प्लगमध्ये लावायचे वीजमापक यंत्र आणून दोन्हींचा चोवीस तासांचा वापर मोजला: जुना २.१ युनिट, नवा ०.८ युनिट. जुना आकाराने लहान असूनही रोज १.३ युनिट जास्त घेत होता, म्हणजे वर्षाला सुमारे पावणेपाचशे युनिट, आणि त्यात ठेवत काय होतो तर पाण्याच्या बाटल्या. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावले तर ती सहज निघून येत होती, याचा अर्थ थंडी तिथूनच निसटत होती. रबर बदलून पाहिले, वापर थोडा उतरला, पण नव्याच्या जवळपासही आला नाही.

एका खोलीचे घर

आमचे अंथरूण फ्रीजपासून सात फुटांवर असते. ज्यांचे असे असेल त्यांनी पट्टीवरचा डेसिबलचा आकडा सर्वांत आधी पाहावा. ३६ आणि ४२ हे आकडे कागदावर जवळचे दिसतात, पण हे माप सरळ चढत नाही. १० डेसिबल वाढले की आवाज कानाला जवळजवळ दुप्पट वाटतो. पहिल्या फ्रीजने आमच्या तान्ह्या बाळाला कित्येक रात्री दचकवून उठवले. फ्रीज डळमळत असेल तरी घरघर वाढते, त्यामुळे पुढचे पाय फिरवून तो आधी पक्का बसवावा.

पुन्हा धागा काढणारीकडून

सगळे वाचून आम्ही निवड केली: फ्रॉस्ट फ्री, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, फ्रीझर लहान आणि खाली, वर्ग टी. दुकानात आमचे सर्वांत उंच पातेले सोबत नेले होते आणि ते मधल्या कप्प्यात ठेवून पाहिले. जिना मोजला, दारे मोजली. फ्रीज उभाच आणायला सांगितले होते, तरी वाटेत तो काही वेळ आडवा झाला होता, म्हणून कॉम्प्रेसरमधले तेल खाली उतरावे यासाठी रात्रभर तसाच उभा ठेवून दुसऱ्या दिवशी सुरू केला. पहिले काही तास तो रिकामाच चालवला. आज सकाळी पेल्यातल्या थर्मामीटरवर ४ अंश होते.

जुना अजून व्हरांड्यात आहे. त्यातला गॅस रीतसर काढून घेणारे उद्या येणार आहेत. तोवर शेजारची लहान मुले खेळता खेळता आत शिरून अडकू नयेत म्हणून त्याचे दार काढून भिंतीला टेकवून ठेवले आहे.