मदत हवी आहे : कॉम्प्युटरचा पंखा अर्धा फेरा फिरतो आणि थांबतो

नमस्कार मंडळी, मी रावेरकडचा. परवा वादळात लाईट दोन-तीनदा ये-जा झाली, तेव्हापासून घरचा डेस्कटॉप सुरूच होत नाही. मदरबोर्डवरचा हिरवा दिवा लागतो. बटण दाबलं की प्रोसेसरचा पंखा जेमतेम अर्धा फेरा घेतो, एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) ‘टक्’ असा आवाज येतो आणि सगळं शांत. परत सुरू करायचं तर मागची वायर काढून मिनिटभर थांबावं लागतं.

रॅम काढून खोडरबराने पुसली, हार्ड डिस्क सोडवली, मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सेल बदलला. फरक नाही. मग एसएमपीएस सुटा करून २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर जोडली, तर त्याचा पंखा मस्त फिरतो. पण लोड नसताना फिरला म्हणून तो चांगलाच आहे असं मला वाटत नाही.

खरी गोम पुढे आहे. प्रोसेसरजवळची १२ व्होल्टची ४ पिनची वायर काढून बटण दाबलं, तर पंखा फिरतच राहतो. म्हणजे प्रोसेसरच्या बाजूचा मॉसफेट (बोर्डवर प्रोसेसरची वीज सांभाळणारा छोटा भाग) शॉर्ट झाला असेल, की एसएमपीएसच लोड घेत नसेल? दुकानदाराने न तपासताच बोर्ड बदला म्हणून सांगितलं.

केळीच्या दोन हंगामांच्या काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) आणि मजुरीचा हिशोब त्यातच आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय. हार्ड डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायला हरकत नाही ना? भुसावळ-जळगावकडे कुणाकडे तपासण्यापुरता चालू एसएमपीएस असेल, तर भाऊ, मी कॉम्प्युटर घेऊन येतो.