बॉर्डर कॉली फ्लॅटमध्ये: चेंडूने भागत नाही

प्रश्न: दीड वर्षाची बॉर्डर कॉली (मेंढ्या राखणाऱ्या जातीची कुत्री). रोज तासभर चेंडू फेकूनही घरात सावल्यांवर झेपा घेते. काय चुकतंय?

उत्तर १: चेंडू कमी करा. सतत फेकल्याने ती शांत होत नाही, उलट चेकाळते. सांध्यांवर ताण येतो तो वेगळाच. सकाळचे डॉगफूडचे दाणे वाटीत न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत गुंडाळा आणि हुंगून शोधू द्या. दहा मिनिटं पुरतात. सोपं वाटू लागलं की टॉवेलला सैल गाठ मारा.

उत्तर २: सावलीचा नाद आधी मोडा, फार चिवट असतो तो. लेझरच्या ठिपक्यामागे पळवणं तर कधीच नको. हाती काहीच लागत नाही, म्हणून शोध संपत नाही. झेपेआधी मान खाली जाते, नजर खिळते. हाक तेव्हाच मारा, वळली की खाऊ. झेप घेतल्यावर तिला ऐकू येत नाही.

उत्तर ३: दुपारची झोपही लावा, पडदे ओढून.