मदत हवी आहे : कोरोनाकाळात वाढलेली सिगारेट अजून कमी होत नाही

माझा मोठा भाऊ बरीच वर्षं सिगारेट ओढतो. आधी ऑफिसच्या मधल्या सुट्टीत, मित्रांबरोबर, एवढंच असायचं. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, घरून काम सुरू झालं आणि धरबंधच उरला नाही. एकटा राहायचा, अडवणारं कोणी नाही, त्यात नोकरी टिकते की जाते ही धास्ती. साथ ओसरली, पण सिगारेट काही उतरली नाही.

धूम्रपान करणाऱ्यांना कोविड झाला तर तो गंभीर होण्याचा धोका जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२० मध्येच सांगितलं होतं. ते वाचून दादा सोडेल असं आम्हाला वाटलं, झालं उलटंच. सकाळी खोकला आला की हा नेहमीचा की 'तो', या विचारानं घाबरायचा आणि घाबरला की पेटवायचा. निकोटीनमुळे कोविडपासून बचाव होतो अशी चर्चाही तेव्हा फिरत होती. ती पुढे खरी ठरली नाही, पण त्याला तेवढाच आधार. डॉक्टरकडे जायला तयार नव्हता, कारण 'तुम्हीच ओढवून घेतलंत' हे ऐकायची त्याची तयारी नव्हती. मला याचं फार वाईट वाटतं. ज्यांना सर्वांत जास्त मदत हवी होती, तीच माणसं तोंड लपवत राहिली.

आता त्याला मनापासून सोडायची आहे. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते, ते तो कसंबसं निभावतो. गाडी अडते ती रात्री, एकटेपणात. निकोटीनचा च्युइंगगम आणला होता, पण साध्या गमसारखा सतत चघळला, उचक्या लागल्या आणि टाकून दिला. थोडा चघळून, चुरचुरायला लागला की गालाशी धरून ठेवायचा असतो, हे नंतर समजलं.

ज्यांची सवय त्या काळात अशीच वाढली आणि नंतर सुटली, त्यांनी कृपया लिहा. गम आणि पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) यांतलं तुम्हाला काय लागू पडलं? (घेताना डॉक्टरांना विचारूनच घेऊ.) आजाराची ती भीती अजून मनात आहे, तिच्यासाठी समुपदेशकाचा उपयोग झाला का? पुन्हा एखादी ओढली तर घरच्यांनी काय बोलावं, काय टाळावं?

उपदेश त्याला भरपूर मिळालाय, अनुभव हवे आहेत. रात्री तलफ आल्यावर फोन करता येईल असं, स्वतः सोडलेलं माणूस सोबत असण्याचा कितपत फायदा होतो, तेही सांगा.