मदत हवी आहे: आई-वडिलांना लंडनला पाठवायचे आहे, सोलापूरहूनच विमान धरावे की हैदराबाद गाठावे?

नमस्कार मंडळी,

माझे आई-वडील येत्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लंडनला माझ्या धाकट्या भावाकडे जाणार आहेत. भावजयीचे बाळंतपण त्याच महिन्याच्या अखेरीस अपेक्षित असल्याने तारीख पुढे ढकलता येत नाही, आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा पार पडल्याशिवाय वडील गाव सोडणार नाहीत, म्हणून ती अलीकडेही आणता येत नाही. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. वडिलांचे दोन्ही गुडघे दुखरे असल्याने त्यांना जिना चढणे अवघड जाते. आईला मधुमेह असून तिच्या जेवणाच्या आणि इन्सुलिनच्या वेळा सांभाळाव्या लागतात. परदेशप्रवास दोघांचाही पहिलाच आहे. मला लंडनपर्यंत जाता येणार नाही, मात्र जिथून मोठे विमान सुटेल तिथपर्यंत मी त्यांच्यासोबत असेन.

तिकिटे अजून काढलेली नाहीत. गेले काही दिवस घरात याच विषयावर चर्चा चालू आहे आणि प्रत्येकाचे मत वेगळे आहे, म्हणून ज्यांनी वडीलधाऱ्यांना असे पाठवले आहे त्यांच्याकडून मार्गदर्शन मिळावे या अपेक्षेने सविस्तर लिहीत आहे.

वडिलांचा आग्रह आहे की प्रवास सोलापूरच्या विमानतळावरूनच सुरू व्हावा. होटगी रस्त्यावरचा हा विमानतळ आमच्या घरापासून रिक्षाने जाण्याइतका जवळ आहे. गाडीतून उतरल्यावर चेक-इनचा काउंटर अगदी समोर येतो, गर्दी बेताची असते, आणि मुंबईला पोहोचायला विमानाला साधारण एक तास पुरतो. ज्या माणसाला लांब चालवत नाही त्याच्यासाठी ही सोय लहानसहान नाही. शिवाय या आग्रहामागे एक भावनाही आहे, आणि ती मला पूर्णपणे पटते. किंगफिशरची मुंबई सेवा बंद पडल्यानंतर आपल्या शहराने किती वर्षे वाट पाहिली, हे सोलापूरकरांना सांगायला नको. विमानांच्या मार्गात अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, तेव्हा विमानसेवा मागणारे आणि कारखान्यावर पोट असणारे ऊस उत्पादक अशा दोन्ही बाजूंची माणसे आमच्याच नात्यात होती. त्यानंतर ९ जून २०२५ रोजी गोव्याचे आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईचे विमान सुरू झाले. एवढी किंमत मोजून मिळालेली सेवा आपणच वापरली नाही तर ती पुन्हा बंद पडेल, असे वडील म्हणतात, आणि ते खोटे नाही.

माझी काळजी वेगळी आहे. सोलापूर-मुंबई आणि मुंबई-लंडन ही तिकिटे मला स्वतंत्रपणे काढावी लागतील असे दिसते. सोलापूरचे विमान उशिरा आले किंवा रद्द झाले, आणि त्यामुळे लंडनचे विमान चुकले, तर ती जबाबदारी कोणाची? सामान मुंबईत उतरवून घेऊन पुन्हा जमा करावे लागेल. देशांतर्गत तिकिटावर सहसा १५ किलोची मर्यादा असते, तर आंतरराष्ट्रीय तिकिटावर २३ किलोची बॅग नेता येते. भावासाठी चादरी, शेंगाचटणी आणि बाळंतिणीचे डिंकाचे लाडू न्यायचे म्हटले की हा फरक लगेच जाणवतो. त्यातून मुंबईत टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन यांमध्ये चालत जाण्याची सोय नाही. बाहेरच्या रस्त्याने वाहन करूनच जावे लागते.

दुसरा पर्याय हैदराबादचा. शमशाबादचा विमानतळ आपल्यापासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर आहे. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असा राष्ट्रीय महामार्ग ६५ चांगला आहे आणि पटनचेरूजवळ आऊटर रिंग रोडला लागले की शहरात न शिरता थेट विमानतळावर पोहोचता येते. तिथून लंडनला थेट विमान आहे, म्हणजे एकदा सामान जमा केले की ते लंडनलाच घ्यायचे. मात्र वाहनात किमान सहा तास बसावे लागेल. आम्ही पाहिलेल्या तारखांना विमान सकाळचे आहे, त्यामुळे आदल्या दिवशी दुपारीच निघून रात्र तिकडे काढणे भाग आहे.

पुण्याचा विचार आम्ही जवळजवळ सोडून दिला आहे. लोहगावपर्यंत अडीचशे किलोमीटर जायचे, हडपसरच्या पुढची वाहतूक सोसायची, आणि तरीही तिथून लंडनला थेट विमान नाही. दिल्लीमार्गे जावे तर हिवाळ्यातील धुक्याची धास्ती राहते.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे: अशा परिस्थितीत जवळच्या लहान विमानतळावर विसंबून राहावे का, आणि राहायचे असल्यास दोन विमानांमध्ये किती अंतर ठेवावे? भाड्यातील फरकापेक्षा आई-वडिलांची दगदग आणि मनाची शांतता मला महत्त्वाची वाटते.

पहिला प्रतिसाद

ताई, आपण प्रश्न फार नेमका मांडला आहे. सोलापुरात विमानाची आणि रेल्वेची तिकिटे काढून देणे हाच माझा व्यवसाय असल्याने या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो.

सर्वांत आधी जबाबदारीविषयी. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील, तर पहिल्या विमानामुळे दुसरे चुकल्यास पुढच्या विमानात जागा देणे हे विमान कंपनीचे काम असते. तिकिटे वेगवेगळी असतील, तर लंडनला नेणारी कंपनी आपल्याला वेळेवर न आलेला प्रवासी समजते आणि तिकीट बहुतेक वाया जाते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत विमान रद्द होण्याबद्दल भरपाईची तरतूद आहे, पण तिचा आकार समजून घ्यावा. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. एक ते दोन तासांच्या उड्डाणाला हाच आकडा ७,५०० रुपये आहे. खराब हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणासाठी तेवढेही मिळत नाही. लंडनची दोन तिकिटे बुडाल्यावर या रकमेने काय होणार? म्हणून एकाच दिवसात सोलापूरचे विमान आणि लंडनचे विमान, असा बेत सात-आठ तासांचे अंतर असले तरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात सोलापूरच्या विमानतळाला दोष देण्याचा हेतू नाही. लहान शहरांना सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे विमाने मोजकी असतात. तेच विमान दिवसभरात अनेक गावे करते, आणि सकाळी कुठेतरी दोन तासांचा खोळंबा झाला की तो संध्याकाळपर्यंत प्रत्येक गावाला पोहोचतो. मोठ्या विमानतळावर एक विमान रद्द झाले तर त्याच मार्गावर दोन तासांनी दुसरे असते. आपल्याकडे पुढचे विमान दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्याही नंतर. शिवाय जिथे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम, म्हणजे नीट दिसत नसतानाही विमानाला धावपट्टीकडे नेणारी यंत्रणा, नसते तिथे उतरण्यासाठी वैमानिकाला धावपट्टी अधिक दुरून दिसावी लागते, त्यामुळे जे धुके किंवा जो पाऊस मुंबईला अडवत नाही तो लहान विमानतळाला अडवू शकतो.

तरीही आपल्या वडिलांची इच्छा पूर्ण करता येईल. लंडनचे विमान दुसऱ्या दिवशी दुपारचे किंवा त्यानंतरचे निवडा आणि मुंबईला आदल्या दिवशीच्या विमानाने जा. त्याच रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसची खात्रीशीर आरक्षणे हाताशी ठेवा. विमान रद्द झाले तर रात्री गाडीत झोपून सकाळी मुंबईत पोहोचता येईल. विमान वेळेवर गेले तर आरक्षण रद्द करताना बरेचसे पैसे कापले जातील, पण या प्रवासात तेवढा खर्च मी स्वतः आनंदाने केला असता. सकाळी सहाच्या सुमारास निघून दुपारी साडेबाराच्या सुमारास पोहोचवणारी वंदे भारत हाही आदल्या दिवशीचा चांगला मार्ग आहे, फक्त तिच्या मागे त्या दिवशीचा दुसरा आधार कोणता, हे आधी ठरवून ठेवावे.

दुसरा प्रतिसाद

आम्ही माझ्या सासूबाईंना परदेशी पाठवताना हाच विचार केला होता आणि शेवटी हैदराबाद निवडले. एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मोठा विमानतळ म्हणजे खूप चालणे, ही भीती व्हीलचेअर घेतल्यावर उरत नाही. तिकीट काढतानाच, निदान विमान सुटण्याच्या ४८ तास आधी, कंपनीला कळवावे. मदतनीस काउंटरपासून सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशन पार करून विमानाच्या दारापर्यंत सोबत असतो. इंग्रजी फारसे न बोलणाऱ्या, पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसाला ही सोबत गुडघ्यांइतकीच मनासाठीही उपयोगी पडते. शमशाबादला देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी एकच टर्मिनल आहे, त्यामुळे कुठे उतरायचे हा गोंधळ होत नाही. लहान विमानतळावर चालणे कमी असले तरी एरोब्रिज नसतो, म्हणजे विमानाचा जिना चढावा लागतो, आणि आपण लिहिल्याप्रमाणे वडिलांची खरी अडचण तीच आहे. म्हणून उचलून नेणारी अँब्युलिफ्ट किंवा रॅम्प त्या दिवशी मिळेल का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

वाटेत उमरग्याला आईंचे दुपारचे जेवण वेळेवर होईल. इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवावी, जमा करायच्या बॅगेत कधीही ठेवू नये. विमानाच्या पोटातील थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते.

आणखी एक. जाताना जो धोका आहे तो येताना नाही. लंडनहून मुंबईला उतरल्यावर पुढे कोणतेही विमान चुकण्याची भीती नसते; सोलापूरचे विमान रद्द झालेच तर एक रात्र मुंबईत राहून रेल्वेने घरी येता येते. तेव्हा सोलापूरच्या विमानतळाचा मान राखायचा असेल तर परतीच्या प्रवासात राखावा, असे मला वाटते.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. भरपाईच्या रकमेबद्दलची माहिती घरी वाचून दाखवल्यावर चर्चेचा सूरच बदलला. एकाच दिवसात दोन्ही विमाने धरण्याचा बेत आम्ही रद्द केला आहे.

परतीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता आणि वडिलांना तो फार आवडला. नातवंडाला पाहून परत येताना विमान थेट होटगी रस्त्यावर उतरावे, ही कल्पनाच त्यांना हैदराबादला जाण्यासाठी तयार करायला पुरेशी ठरली. त्यानुसार जाताना आदल्या दिवशी सकाळचा नाश्ता करून वाहनाने निघायचे, उमरग्याला जेवण करायचे, संध्याकाळी विमानतळाजवळ मुक्काम करायचा आणि सकाळी थेट विमान धरायचे, असे ठरत आले आहे. येताना लंडन ते मुंबई थेट विमानाने यायचे, मुंबईत एक रात्र मावशीकडे काढायची आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरचे विमान घ्यायचे. सामानाचा प्रश्नही यामुळे सुटतो, कारण चादरी आणि चटणी जातानाच न्यायची आहेत. येताना बॅगा हलक्या असतील.

यातून दोन शंका उरतात. जाणे हैदराबादहून आणि येणे मुंबईला, असे एकाच कंपनीचे तिकीट काढल्यास ते साध्या परतीच्या तिकिटाच्या जवळपास पडते की दोन एकेरी तिकिटांइतके महाग होते? आणि सोलापूर विमानतळावर गुडघेदुखी असलेल्या प्रवाशाला विमानातून खाली उतरवताना कोणती सोय मिळाली, हे अलीकडे मुंबईहून आलेल्या कोणी सांगू शकेल का? अँब्युलिफ्ट, रॅम्प की खुर्चीत बसवून माणसांनी उतरवणे, यांपैकी नेमके काय होते हे कळले तर वडिलांना आधीच सांगून ठेवता येईल.