कुंड्या आणि छोट्या लॉनसाठी स्मार्ट ठिबक: पैसे नेमके कशात घालावेत?

अंगण_गच्ची:
पहिल्या मजल्याच्या गच्चीवर ३० कुंड्या आहेत, बहुतेक १२ इंची. खाली २५ चौरस मीटर लॉन. दोन्हीला रोज पाइपने पाणी. बादली लावून मोजलं तर पाइपमधून मिनिटाला १५ लिटर पडतं. कुंड्यांना १० मिनिटं आणि लॉनला २०, म्हणजे दिवसाला ४५० लिटर. टाकीचा तळ कुंड्यांपेक्षा ४ मीटर वर आहे, लॉनपेक्षा ७ मीटर. वाय-फाय टायमर, सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा) व्हॉल्व्ह आणि प्रत्येक कुंडीत ओलाव्याचा सेन्सर असा विचार आहे. एवढ्या दाबावर हे चालेल का? आणि पाणी खरंच किती वाचेल?

थेंबाथेंबाने:
आधी गरज काढा, मग यंत्रं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. कोरड्या, उन्हाच्या दिवशी बाष्पीभवन साधारण ५ मिलिमीटर धरा, लॉनसाठी त्याच्या ०.८ पट. २५ × ५ × ०.८ = १०० लिटर. १२ इंची कुंडीला झाडाच्या घेरानुसार अर्धा ते एक लिटर. सरासरी पाऊण धरली तर ३० कुंड्यांचे साडेबावीस लिटर. एकूण १२०–१२५ लिटर, आणि तुम्ही घालताय ४५०.

पण हा फरक सेन्सरच्या खात्यावर मांडू नका. ४५० वरून १५० च्या आसपास येणं हे कुंड्यांच्या साध्या ठिबक-टायमरचं आणि लॉनला मोजून पाणी देण्याचं काम आहे. सेन्सर वाचवतो तो ढगाळ, पावसाळी आणि थंड दिवसांत. म्हणून पैसे त्याच क्रमाने घाला.

आता दाब. १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार, तेव्हा कुंड्यांपाशी तुमच्याकडे ०.४ बार आहे आणि त्यातला थोडा फिल्टर खाणार. नळाला लावायच्या टायमरमधले बरेचसे सोलेनॉइड व्हॉल्व्ह पडद्याचे असतात. पडदा पाण्याच्या दाबानेच हलतो आणि त्याला साधारण अर्धा बार तरी लागतो. कमी दाबावर तो नीट उघडत नाही. त्याहून वाईट म्हणजे नीट बंदही होत नाही आणि रात्रभर बारीक धार चालू राहते. घेताना ‘० बारपासून चालतो’ असं लिहिलेला मोटरवाला बॉल व्हॉल्व्ह टायमर घ्या.

ड्रिपरचंही तसंच. दाब-भरपाईचे ड्रिपर (दाब बदलला तरी सारखंच पाणी सोडणारे) चांगले, पण त्यांना अर्धा ते एक बार हवा. तुम्हाला साधे, उघडून साफ करता येणारे ४ लिटर/तासाचे घ्या. ही क्षमता १ बारला असते. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो, म्हणून ०.४ बारवर ताशी अडीच लिटरच पडतील. पाऊण लिटरला १८ मिनिटं. ती सलग देऊ नका. ९ मिनिटं, मध्ये अर्धा तास, पुन्हा ९. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा खडखडीत वाळलं की पाणी धरत नाही. ते कुंडीच्या कडेने उतरून थेट खालच्या भोकातून जातं. पहिला फेरा फक्त माध्यम ओलं करायला.

सामान: १६ मिलिमीटरची काळी लॅटरल (कुंड्यांच्या रांगेतून जाणारी मुख्य नळी), तिच्यापासून कुंडीपर्यंत ४ मिलिमीटरची काळी मायक्रोट्यूब (पारदर्शक नको, आत शेवाळ धरतं), १२० मेशचा (जाळीच्या बारीकपणाचं माप) डिस्क फिल्टर लागतो त्यापेक्षा एक माप मोठा, आणि शेवटाला उघडता येणारी एंड कॅप. महिन्यातून एकदा ती कॅप उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या.

वाफसा:
प्रत्येक कुंडीत सेन्सर म्हणजे ३० बॅटऱ्या आणि ३० वेगळी उत्तरं. व्हॉल्व्ह मात्र एकच. सारख्या गरजेच्या झाडांचे दोन-तीन गट करा, गटागणिक एक व्हॉल्व्ह, आणि प्रत्येक गटातल्या सगळ्यात लवकर वाळणाऱ्या कुंडीत एक सेन्सर लावा. ज्या झाडाला जास्त पाणी लागतं त्याला दुसरा ड्रिपर द्या, सगळ्या गटाची वेळ वाढवू नका.

दोन उघड्या काड्यांचे स्वस्त सेन्सर घेऊ नका. त्यांच्यातून वीज वाहते, धातू गंजतो आणि आकडे सरकत जातात. कपॅसिटिव्ह (धातू मातीला न लावता ओलावा मोजणारा) घ्या, पण त्याच्या पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतील तर पाणी आत शिरतं. कडांना आणि वरच्या सर्किटला इपॉक्सी किंवा वॉर्निश लावूनच मातीत घाला. ड्रिपरच्या थेट खाली लावला तर दोन मिनिटांत ‘ओलं’ सांगेल. बाजूला ७–८ सेंटिमीटरवर, मुळांच्या खोलीत, मातीत घट्ट दाबून. पट्टी आणि माती यांच्यात पोकळी राहिली तर भिजलेली कुंडीही कोरडी दिसते.

कारखान्यातली टक्केवारी विसरा. कुंडी भरपूर भिजवा, निथळू द्या, दोन-तीन तासांनी वाफसा आल्यावरचा आकडा लिहून ठेवा. मग पाणी थांबवा आणि पानं मलूल व्हायला लागतील तेव्हाचा आकडा घ्या. उंबरठा या दोहोंच्या मध्यावर. माती आणि कोकोपीटचे आकडे वेगळे येतात, म्हणून माध्यमागणिक हे नव्याने.

महत्त्वाचं: सेन्सरला पाणी सुरू करायचा अधिकार देऊ नका, फक्त अडवायचा द्या. पहाटे टायमर सुरू होईल. माती ओली असेल तर सेन्सर तो फेरा रद्द करेल. सेन्सर बिघडून ‘कोरडं’ सांगत राहिला तरी फार तर रोजचा ठरलेला फेराच जातो. ॲपमधल्या हवामानावर लॉनपुरता भरवसा ठेवा. कुंडीवर दाट पानांची छत्री असेल तर पाऊस बाहेरच ओघळतो आणि ॲप मात्र ‘पाऊस झाला’ म्हणून दोन दिवस पाणी बंद ठेवतं.

अंगण_गच्ची:
धन्यवाद. मोटरवाला व्हॉल्व्ह उघडा असताना बॅटरी संपली तर? आठवडाभर घर बंद असतं कधीकधी.

नळजोड:
उघडाच राहतो. मोटरवाला असो की लॅचिंग सोलेनॉइड (फक्त उघडताना-मिटताना वीज घेणारा), वीज गेली की आहे त्या स्थितीत थांबतो. बॅटरी उतरताना आधी व्हॉल्व्ह बंद करणारे टायमर मिळतात. खोक्यावर तसं लिहिलंय का बघा. तरी त्यावर सगळा भार नको.

बाहेर जाताना कुंड्यांची लाइन टाकीवरून काढून २०० लिटरच्या ड्रमवर जोडा. रोजच्या २२ लिटरने ९ दिवस निघतात, आणि काहीही बिघडलं तरी जाऊन जाणार २०० लिटर. ड्रमला फ्लोट व्हॉल्व्ह लावून तो टाकीला जोडू नका, मग मर्यादाच उरत नाही. खताचं पाणी देत असाल तर ते प्यायच्या टाकीकडे उलटं ओढलं जायची भीतीही वेगळ्या ड्रममुळे जाते. झाकण घट्ट हवं, डासांसाठी. भरलेला ड्रम २०० किलोच्या वर जातो, तो खांबाच्या किंवा तुळईच्या वर ठेवा.

ड्रम दीड मीटर स्टँडवर असेल तर ड्रिपर ताशी दीड लिटरच देतील. तेव्हा वेळ १८ ऐवजी ३० मिनिटं करा. एवढ्या कमी दाबावर कुंड्यांची पातळीही बोलते: ३० सेंटिमीटर उंच कुंडीला साधारण १० टक्के कमी पाणी मिळतं.

फ्लो सेन्सर (नळीतला प्रवाह मोजणारा) घ्यायच्या बेतात असाल तर थांबा. अर्ध्या इंचाचे फिरत्या चक्राचे स्वस्त सेन्सर मिनिटाला १ लिटरखाली मोजत नाहीत. ड्रमवर तुमचा सगळा प्रवाह मिनिटाला पाऊण लिटर असेल. निखळलेला ड्रिपर त्याला कधीच कळणार नाही. ड्रमच्या बाहेर पारदर्शक नळी लावून खुणा करा, रोजची घट दिसते.

थेंबाथेंबाने:
ड्रमचं पटलं. एक भर: टायमर-सेन्सर विकत घेण्याआधी लाइन अंथरून वाटणी तपासा. १२ ड्रिपरखाली पेले ठेवा, ६ मिनिटं सोडा, मिलिलिटरमध्ये मोजा. सगळ्यात कमी भरलेल्या तिघांची सरासरी भागिले बाराही पेल्यांची सरासरी. उत्तर ०.८ च्या खाली आलं तर आधी लाइन दुरुस्त करा. नाहीतर सगळ्यात तहानलेल्या कुंडीसाठी तुम्ही वेळ वाढवत जाल आणि बाकीच्या खालून गळत राहतील. क्षारांनी बुजलेले ड्रिपर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवले की बहुतेक मोकळे होतात.

लॉनचं मात्र ०.७ बारवर जमणार नाही. फवाऱ्यांना साधारण २ बार लागतात, म्हणजे पंप आला, त्याचं कोरडं चालण्यापासून संरक्षण आलं, वायरिंग आलं. त्यापेक्षा पाइपला बंद होणारी नोझल लावा, रोज २० मिनिटांऐवजी आठवड्यातून दोनदा खोल भिजवा. पाणी वाहायला लागलं की थांबून, मुरू देऊन पुन्हा. आणि खरं सांगायचं तर लॉन अर्धं करा. रोजचे ५० लिटर तिथेच वाचतात, बॅटरीशिवाय.