‘छिन्नमनस्कता’ हा शब्द आणखी कुणाला खटकतो का?

परवा एका लेखात ‘धोरणातली छिन्नमनस्कता’ असं वाचलं. लेखकाला म्हणायचं होतं एवढंच, की सकाळी एक बोलतात आणि संध्याकाळी दुसरं. पण ‘छिन्नमनस्कता’ हे स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचं मराठी नाव, आणि माझ्या थोरल्या भावाला चौदा वर्षं तो आजार आहे. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा असा दादा कधीच नव्हता. म्हणून हा धागा काढतेय.

व्युत्पत्तीत खोट नाही. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ मध्ये या आजाराला नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘स्खिझाइन’ म्हणजे चिरणं, ‘फ्रेन’ म्हणजे मन. आपला ‘छिद्’ धातू आणि ते ‘स्खिझाइन’ एकाच मुळातून आलेत, म्हणजे ‘छिन्न’ हा तर त्याचा सख्खा भाऊच. ब्लॉयलरच्या मनात होतं ते असं, की विचार, भावना आणि वागणं यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते. आपल्याकडे मात्र ‘छिन्न’ म्हटलं की दोन तुकडे दिसतात, आणि दोन तुकडे म्हणजे एका शरीरात दोन माणसं. तो आजार वेगळा. सुरुवातीच्या दिवसांत दादाला भेटायला येणारे आईला दारातच हळू आवाजात विचारायचे, “आत्ता कोणता आहे?” हा प्रश्न त्या शब्दाने शिकवला, असं मला अजूनही वाटतं.

प्रतिसाद १

जपानमध्ये नेमक्या याच कारणाने नाव बदललं. तिथे पूर्वी ‘मन दुभंगण्याचा आजार’ अशा अर्थाचा शब्द होता. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि २००२ मध्ये ‘एकसंधता बिघडण्याचा विकार’ अशा अर्थाचं नाव आलं. दक्षिण कोरियाने निवडलेलं नाव तर मला फार आवडतं: तंतुवाद्याच्या तारा जुळवणं, यावरून केलेलं. तार उतरली असेल तर पुन्हा जुळवता येते. मराठीत असं काही सुचतंय का कुणाला? तोवर मी सरळ ‘स्किझोफ्रेनिया’च म्हणते. मधुमेहाला डायबेटिस म्हणतोच की आपण.

प्रतिसाद २

नावापेक्षा ‘भास’ आणि ‘भ्रम’ यांची सरमिसळ मला जास्त नडते. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतो, तो भास. शेजारी माझ्यावर पाळत ठेवून आहेत, अशी खात्री कशानेही हलत नाही, तो भ्रम. पुस्तकांत विभ्रम, संभ्रम, भ्रांती असे आणखीही शब्द भेटतात. घरच्या माणसाला हे दोन पुरतात. डॉक्टरांना सांगताना हा फरक नीट सांगता आला, की औषधाचा कशावर किती परिणाम होतोय ते त्यांना कळतं.

मूळ लेखिका

फरक अगदी बरोबर. फक्त ‘भास’ हा शब्द आम्ही दादासमोर वापरणं सोडलं. “अरे, भास आहे तो” म्हटलं की त्याला ऐकू येतं, “तू खोटं बोलतोयस.” आवाज त्याला खरोखर ऐकू येतो, कानावर पडल्यासारखाच. आता तो विचारतो, “आत्ता कुणी बोललं का गं?” मी म्हणते, “मला नाही ऐकू आलं. तुला त्रास होतोय का?” एवढ्यावर तो बसतो माझ्याजवळ.

आणि एक शब्द या आजाराच्या आसपास तरी नको: ‘आळशी’. दादा न्हाणीघरात ब्रश हातात धरून उभा असायचा. ब्रशवरची पेस्ट वाळून जायची, ब्रश तोंडापर्यंत जायचा नाही. आम्ही वर्षभर त्याला बोल लावले. मग कळलं, की इच्छाच न उमटणं, चेहऱ्यावरचे भाव पुसले जाणं, बोलणं आटणं हीसुद्धा लक्षणंच आहेत. गोळ्यांनी आवाज पुष्कळदा उतरतात, पण या बाजूवर त्या फारशा चालत नाहीत. तिथे ठरलेला दिनक्रम, छोटंसं काम आणि सोबत यांचाच आधार. याला मराठी शब्द हवा होता. आई म्हणते, “आज त्याचं मन उठत नाहीये.” मला तो पुस्तकातल्या कुठल्याही शब्दापेक्षा नेमका वाटतो.

प्रतिसाद ३

स्वमदत गटांत रुळलेली ‘शुभार्थी’ आणि ‘शुभंकर’ ही जोडी इथे यायलाच हवी. शुभार्थी म्हणजे ज्याला आजार आहे तो, शुभंकर म्हणजे त्याची काळजी घेणारा. ‘रुग्ण’ म्हटलं की माणूस खाटेवर दिसतो. माझा मुलगा रोज कामावर जातो.

तुमचे दादा स्वतः काय शब्द वापरतात?

मूळ लेखिका

आजाराला काहीच नाही. आवाजांना तो ‘कालवा’ म्हणतो, गलका या अर्थाने. सकाळी चहा देताना मी विचारते, “कालवा कितपत आहे?” आज म्हणाला, “आहे, पण लांब आहे.”