तात्यांची मेडलं: शौर्यपदक आहे की नुसतं लढाईला गेल्याचं?

सचिन_रायगड
नमस्कार मंडळी. जुनं घर पाडतोय, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या थोरल्या भावाची तीन मेडलं सापडली. त्यांना सगळे तात्या म्हणायचे, मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आले आणि मग मरेपर्यंत भातशेती केली, लढाईबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. दोन चांदण्या आहेत, पिवळसर, सहा टोकांच्या, एकीची फीत लाल-पांढरी-हिरवी. तिसरं गोल, त्याच्यावर एक सिंह कसल्यातरी अक्राळविक्राळ प्राण्याच्या अंगावर उभा. घरात सगळे म्हणतात शौर्यपदक आहे, आत्या तर म्हणते यशवंत घाडग्यांना मिळालं तेच तात्यांनाही मिळालं. १५ ऑगस्टला ग्रामपंचायत शौर्यपदक विजेत्यांचा फलक लावतेय आणि काकांनी तात्यांचं नाव देऊन पण टाकलंय. ओळखायचं कसं? काळी पडलीयेत, आई विचारतेय चिंच लावून घासू का.

हवालदार_रिटायर्ड
आधी आईंना थांबवा!! चिंच, राख, पावडर काही लावू नका, अक्षरं झिजतात आणि किंमत त्या अक्षरांचीच आहे. कोरड्या मऊ फडक्याने पुसा बस. लाल-पांढरी-हिरवी फीत म्हणजे इटली स्टार, त्या आघाडीवर जो जो गेला त्याला मिळाला. दुसरी चांदणी १९३९-४५ स्टार असणार, फीत गडद निळी, लाल, फिकट निळी अशी आहे का बघा. सिंहवालं वॉर मेडल, ते २८ दिवस फुल टाइम नोकरी झाली की मिळायचं. तिन्ही मेडलं नुसत्या नोकरीची, शौर्याचं एकही नाही. मिलिटरी मेडल हे शौर्यपदक वेगळं, चांदीचं, गोल, मागे इंग्रजीत 'फॉर ब्रेव्हरी इन द फील्ड' लिहिलेलं. घाडग्यांना मिळाला तो व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वात मोठं शौर्यपदक, तर काळपट ब्राँझचा, फीत किरमिजी. आणि एक करा, चांदणीच्या पाठीवर आणि गोल मेडलच्या कडेवर टॉर्च मारून बघा, आपल्या हिंदी फौजेच्या मेडलांवर नंबर-नाव ठोकलेलं असायचं, गोऱ्यांच्या तसल्याच मेडलांवर नाव नसायचं.

पक्या_माणगाव
अहो पण लावूदेत की नाव, म्हातारा माणूस बोटीने इटलीला गेला, गोळ्यांतून परत आला, हे काय कमी शौर्य आहे का? फलक बघून कोण मेडल मोजायला येणारे.

हवालदार_रिटायर्ड
तात्यांना कमी कोण लेखतंय. पण पक्याभाऊ तुम्ही माणगावचे, मामलेदार कचेरीसमोरच्या यशवंत घाडग्यांच्या पुतळ्यावरून रोज जात असाल. १० जुलै १९४४, इटलीतल्या टायबर नदीचं वरचं खोरं. घाडगे नाईक हुद्द्यावर होते, वय २२, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या छोट्या तुकडीतला प्रत्येक माणूस पडला, उरले हे एकटे. हे माघारी फिरले नाहीत, सरळ मशीनगनवर धावले, हातबाँब टाकला, गन आणि गनर गारद, आणखी एकाला गोळी घातली आणि मॅगझीन बदलायला वेळच नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी छातीत-पाठीत गोळ्या घातल्या. कबर नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. हे सगळं त्यांच्या सायटेशनमध्ये, म्हणजे पदक का दिलं त्या कागदात, लिहिलेलं आहे, शौर्यपदकामागे असा कागद असतो. उद्या कुणी तात्यांचा कागद मागितला तर काका काय दाखवणार?

नगरकर_वैशाली
आमच्या नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव राहिले की, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस! निमजचे, तेही मराठा पलटणीतलेच. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या हो. जखमी साथीदारांना एकेक करून उचलून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं आणि परत एकटे पलीकडे गेले. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना तर फेकून दिली आणि हातबाँबनी उरलेल्या चौक्या उडवल्या, एकूण तीन. मग बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांच्या नावाची घोषणा देत कंपनीला या या करत बोलावलं. हे जिवंत परतले आणि १९८४ ला पुण्यात वारले. आमच्या शाळेत मात्र कधी कुणी नाव घेतलं नाही, आणि तिकडे इटलीत माँटोने गावात २०२३ ला घाडग्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभं राहिलं.
सचिन, तात्यांना शौर्यपदक असतं तर लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, नाव छापलं गेलं असतं, ते ऑनलाइन फुकट शोधता येतं, नंबर टाकून बघा. युद्धस्मारकांच्या यादीत शोधत बसू नका, तिथे फक्त मेलेल्यांची नावं असतात.

सचिन_रायगड
सर्वांचे आभार. काल रात्री मोबाइलचा टॉर्च मारला, चांदणीच्या पाठीवर नंबर, मग एस ई पी (म्हणजे शिपाई), मग तात्यांचं नाव (स्पेलिंग असं की आत्या म्हणाली हा कोण?) आणि पुढे मराठा, त्यात एक जास्तीचा एच. गॅझेटमध्ये काही नाही. काकांना सांगितलं तर दोन दिवस बोलले नाहीत, आज सकाळी स्वतःच सरपंचांकडे गेले आणि खाली वेगळी ओळ करून घेतली, 'दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर', त्यात तात्या आणि आळीतली अजून दोन नावं निघाली जी कुणाच्या लक्षातच नव्हती. आत्या अजून मानत नाही. फिती फार मळल्यात, साध्या पाण्याने धुतल्या तर चालतील की तेही नको?